विजेवर युरिया बनेल का?

मृगाचा पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. कापूस असो, मका असो की भात, दुकानदाराला विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच असतो: युरिया आला का? ४५ किलोची गोणी, निंबोळी लेपन आणि कर धरून २६६ रुपये ५० पैसे. डिझेल, मजुरी, बियाणे, सगळे महागले, युरियाचा भाव मात्र वर्षानुवर्षे जागचा हललेला नाही. खरी किंमत याच्या कित्येक पट आहे आणि मधला फरक सरकार भरते. अलीकडच्या वर्षांत केवळ युरियाच्या अनुदानावर दरवर्षी एक लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आहे. म्हणजे ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तोही या गोणीची किंमत कुठल्या ना कुठल्या करातून मोजतोच.

गेल्या पाच-सहा वर्षांत या गोणीबद्दल एक वेगळीच बातमी अधूनमधून वाचायला मिळते. शास्त्रज्ञांनी धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, पाणी आणि वीज यांच्यापासून साध्या तापमानाला युरिया बनवला. ना भट्टी, ना नैसर्गिक वायू, ना प्रचंड दाब. सौरऊर्जेचे एक छप्पर आणि त्याखाली खताचे छोटे यंत्र, असे चित्रही सोबत रंगवलेले असते. बातमी वाचून मन हरखते. पण खरे काय आणि अजून स्वप्नात काय, हे तपासून पाहिले पाहिजे, कारण या गोणीशी आपली भाकरी, आपले पाणी आणि देशाची तिजोरी, तिन्ही बांधलेले आहे.

आधी युरिया म्हणजे काय ते पाहू. नाव ऐकून काही घरांत शंका येते. टाचांच्या भेगांवर लावायच्या मलमाच्या वेष्टनावर ‘युरिया’ लिहिलेले असते आणि एखादी आपा विचारते, हा लघवीतलाच ना, मग लावून नमाज होते का? युरिया प्रथम मूत्रातच सापडला हे खरे आहे. फ्रेंच रसायनज्ञ रुएल यांनी तो १७७३ साली वेगळा केला. पण मलमातला किंवा गोणीतला युरिया मूत्रातून काढलेला नसतो, तो कारखान्यात हवा आणि वायू यांच्यापासून बनतो. फतवा देणे हे माझे काम नव्हे. वस्तू कशी बनते एवढे सांगितले म्हणजे पुढचे आलिम मंडळी सांगू शकतात.

कारखान्यात युरिया बनण्याची कथा एका जर्मन तरुणापासून सुरू होते. १८२८ साली फ्रीडरिख वोलर यांनी अमोनियम सायनेट नावाच्या क्षारापासून युरिया तयार केला. सजीवांच्या शरीरातले पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात, त्यासाठी एखादी जीवनशक्ती लागते, अशी तेव्हाची समजूत होती. त्या समजुतीला वोलर यांच्या प्रयोगाने मोठा धक्का दिला. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग हमखास असतो. त्याच्या नेमका उलटा प्रवास मात्र कुणी सांगत नाही. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरबी ग्रंथसंग्रहात केस, रक्त, वनस्पती अशा सजीवांपासून मिळणाऱ्या वस्तूंमधून नवसागर काढण्याची कृती आहे. हे ग्रंथ साऱ्यांचे सारे एकाच माणसाने लिहिले का, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण वोलर यांच्या सुमारे हजार वर्षे आधीचे हे ज्ञान आहे, याबद्दल नाही. अरबीत नुशादिर, उर्दूत नौशादर आणि आपल्याकडे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या डेगीत चिमूटभर टाकतो आणि पांढरा धूर उठून नाक झणझणते, तोच हा पदार्थ. त्या झणझणीत वासातला अमोनिया म्हणजेच आजच्या युरियाचा कच्चा माल.

अमोनिया हवेतून काढण्याची युक्ती फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाखवली. हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून बसलेले असतात की झाडाला त्याचा काही उपयोग नाही. निसर्गात तो बंध कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्यांसारखे काही जिवाणू आणि आकाशातली वीज तोडतात. हाबर यांनी धातूच्या साक्षीने, मोठ्या दाबाखाली आणि उच्च तापमानाला नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग घडवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. जर्मनीत ओप्पाऊ येथे १९१३ साली तो सुरू झाला. (याच हाबर यांनी दोन वर्षांनी रणांगणावर विषारी क्लोरीन वायू सोडण्याच्या कामाचे नेतृत्व केले. एका माणसाच्या हातून भाकरीही निघाली आणि विषही.) पुढे १९२० च्या दशकात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरिया बनवण्याची बॉश-मायझर पद्धत आली. आजही जगभर तीच वापरली जाते.

थळचा मनोरा आणि कतारचा वायू

अलिबागजवळच्या थळ गावी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आरसीएफचा, प्रचंड कारखाना आहे. ‘उज्ज्वला’ युरियाच्या गोण्या तिथून निघतात. बॉम्बे हायच्या समुद्रातला वायू डोळ्यांसमोर ठेवून तो उभा राहिला. नैसर्गिक वायू आणि वाफ यांची प्रक्रिया करून हायड्रोजन काढायचा. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाजूला ठेवायचा. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन मिळून अमोनिया करायचा. मग त्याच अमोनियाला बाजूला ठेवलेला कार्बन डायऑक्साइड भेटवायचा, वातावरणाच्या दीडशे पटींहून अधिक दाबाखाली आणि १८० ते १९० अंशांवर. शेवटी वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून फवारतात, थेंब खाली येता येता थंड होऊन मण्यासारखे टणक होतात. शंभर किलो युरियात ४६ किलो नायट्रोजन असतो. दुसऱ्या कुठल्याही सामान्य घन खतात इतका नसतो. म्हणून तो सर्वांत लाडका.

या साखळीची पहिली कडीच नैसर्गिक वायू आहे. भारताला वर्षाला साडेतीन कोटी टनांहून अधिक युरिया लागतो. त्यातला बराचसा देशातच बनतो आणि आपण स्वयंपूर्णतेच्या जवळ आलो असे सांगितले जाते. पण कारखाना आपला असला तरी त्याच्या चुलीतला वायू मोठ्या प्रमाणात परदेशातून द्रवरूपात जहाजाने येतो. कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा करार आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. तो वायू होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघून गुजरातच्या दहेज बंदरात येतो. तयार युरियाही आपण आखातातून घेतो. ओमानमध्ये सूर येथे इफ्को आणि कृभको यांची भागीदारी असलेला कारखाना आहे, तो मात्र सामुद्रधुनीच्या बाहेर, ओमानच्या आखाताच्या किनाऱ्यावर. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरे आखातातल्या पगारावर चालतात हे आपल्याला ठाऊक आहे. तिथल्याच वायूवर विदर्भ-मराठवाड्यातले कापसाचे रानही चालते, हे सहसा लक्षात येत नाही.

या अवलंबनाची किंमत २०२२ साली जगाने पाहिली. रशिया-युक्रेन युद्धानंतर वायूचे भाव कडाडले, युरोपातल्या अनेक कंपन्यांनी अमोनियाचे उत्पादन कमी केले किंवा थांबवले आणि खताच्या किमती आकाशाला भिडल्या. आपल्या शेतकऱ्याला ती झळ गोणीवर दिसली नाही, कारण ती अनुदानाने पोटात घेतली. २०२२-२३ मध्ये हे अनुदान पूर्वी कधी नव्हे इतके फुगले.

दुसरी किंमत हवेची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन टक्के एकट्या अमोनियाच्या निर्मितीत जाते आणि वर्षाला सुमारे ४५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युरिया बनताना कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, म्हणून युरिया हवा शुद्ध करतो, असे काही जाहिरातींत सुचवले जाते. एक टन युरियात पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बांधला जातो हे खरे. पण शेतात पडल्यावर मातीतले युरिएज नावाचे विकर काही दिवसांत युरिया फोडते आणि तो सगळा वायू परत हवेत जातो. धुराड्यातून जायचा तो वाफ्यातून गेला, एवढाच फरक. म्हणून हिरव्या युरियाचा खरा फायदा वायू ‘पकडण्यात’ नाही. जमिनीतून नवा वायू न काढण्यात तो आहे.

कच्च्या बिर्याणीचा दम

आता विजेच्या पद्धतीकडे. पाण्यात क्षार विरघळवून त्यात दोन पट्ट्या सोडा आणि वीज खेळवा. एका पट्टीवर पाणी फुटून प्राणवायू निघतो. दुसऱ्या पट्टीवर इलेक्ट्रॉन येतात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचा एखादा प्रकार हजर असेल, तर ते दोघे इलेक्ट्रॉन घेऊन बदलू लागतात. बदलता बदलता कार्बन आणि नायट्रोजन यांची योग्य क्षणी गाठ पडली की युरिया.

‘योग्य क्षणी’ हीच मेख आहे. घरात कच्च्या गोश्तची दम बिर्याणी केली जाते. खाली मसाला लावलेले कच्चे मांस, वर अर्धवट शिजलेला तांदूळ आणि दोन्ही एकाच वेळी शिजून तयार व्हायला हवेत. तांदूळ आधी झाला तर गाळ, मांस मागे राहिले तर चिवट. या पट्टीवरही तसेच. कार्बन डायऑक्साइड घाईने बदलला तर कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्मेट होऊन निघून जातो. नायट्रोजनवाला पुढे धावला तर अमोनिया बनतो. आणि दोघेही रेंगाळले तर पाणीच इलेक्ट्रॉन खाऊन हायड्रोजनचे बुडबुडे सोडत बसते. शेजारी शेजारी, अर्धवट बदललेल्या स्थितीत, दोघांना थोपवून धरेल अशी पट्टी, म्हणजे उत्प्रेरक, शोधणे हाच या संशोधनाचा गाभा आहे.

कल्पना नवी नाही. जपानमध्ये शिबाता, योशिदा आणि फुरुया यांनी १९९० च्या दशकातच तांबे आणि इतर धातू वापरून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रेट-नायट्राइट यांच्यापासून युरिया केला होता. त्यानंतर बरीच वर्षे याकडे फारसे कुणी वळले नाही. २०२० साली चीनच्या हुनान विद्यापीठातल्या गटाने ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात पॅलेडियम आणि तांबे यांच्या सूक्ष्म कणांवर थेट हवेतला नायट्रोजन वापरून युरिया केल्याचे प्रसिद्ध केले आणि प्रयोगशाळांची झुंबड उडाली. २०२१ साली सिंगापूर आणि अमेरिकेतल्या टेक्सासच्या संशोधकांनी ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये नायट्रेट वापरून इंडियम हायड्रॉक्साइडवर त्याहून खूप चांगला निकाल दिला.

चांगला म्हणजे किती? आपण पट्टीला शंभर इलेक्ट्रॉन दिले, तर त्यातले किती युरियात गेले, हे मोजतात. चिनी गटाचे उत्तर होते ८.९२, म्हणजे जेमतेम नऊ. इंडियमचे उत्तर होते ५३.४. उरलेले इतर पदार्थांत गेले.

इथे एक प्रश्न सावधपणे विचारावा लागतो. युरिया झाला, पण त्यातला नायट्रोजन नेमका कुठून आला? प्रयोगशाळेच्या हवेत अमोनिया असतो, हातमोज्यांवर असतो, माणसाच्या श्वासातही असतो. रसायनांत नायट्रेटची अशुद्धी असते. तयार झालेला पदार्थ इतका थोडा असतो की ही भेसळच निकाल म्हणून मोजली जाऊ शकते. हवेतल्या नायट्रोजनपासून विजेवर अमोनिया बनवल्याच्या अनेक दाव्यांवर नेमका हाच आक्षेप आला आणि २०१९ साली ‘नेचर’मध्ये अशा प्रयोगांसाठी एक कडक तपासणी-पद्धत मांडली गेली. किंचित जड असा नायट्रोजन-१५ वापरायचा आणि तयार पदार्थात तोच सापडतो का ते पाहायचे. हदीसच्या अभ्यासात कथन कितीही सुंदर असो, सनद पाहिल्याशिवाय मुहद्दिस ते स्वीकारत नाहीत. कुणी कुणाकडून ऐकले, मधली कडी तुटली आहे का, सगळे तपासले जाते. नायट्रोजन-१५ म्हणजे नायट्रोजनची सनद. थेट हवेतल्या नायट्रोजनपासून युरिया केल्याची पुढची बातमी दिसली, तर ही सनद जोडली आहे का ते आधी पाहावे. माझे मत विचाराल तर या वाटेबद्दल मी फार आशावादी नाही. तिहेरी बंध तोडणे अवघड आणि नायट्रोजन पाण्यात विरघळतोही फार कमी. नायट्रेटची वाट जास्त विश्वासार्ह आहे.

एका गोणीचा हिशेब

हा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राने करता येतो आणि तो केल्याशिवाय या विषयावर बोलू नये असे मला वाटते. नायट्रेटपासून युरियाचा एक रेणू बनायला १६ इलेक्ट्रॉन लागतात. पेटीवर साधारण दोन व्होल्टचा दाब धरला आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असे मानले, तरी ४५ किलोच्या गोणीला सुमारे ६४० युनिट वीज लागते. निम्मे इलेक्ट्रॉन वाया गेले तर सुमारे १,२८० युनिट. चार रुपये दराने पाच हजार रुपयांच्या वर. आज वायूवर चालणाऱ्या कारखान्यात त्याच गोणीला लागणारी ऊर्जा विजेच्या भाषेत सांगायची तर ३०० युनिटांच्या आसपास आहे. थेट नायट्रोजन वापरला तर सहाच इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे कागदावर सुमारे २४० युनिट. पण शंभरातले नऊच कामी आले तर तोच आकडा २,७०० वर जातो.

आणि वीज कुठली? आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे आजही साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १,२८० युनिटांमागे सुमारे ९०० किलो झाला. वायूवरच्या गोणीचा हाच आकडा, शेतातून निघणारा धरूनही, साठ-पासष्ट किलोच्या घरात येतो. म्हणजे कोळशाच्या विजेवर बनवलेला ‘हिरवा’ युरिया आजच्यापेक्षा कैक पटींनी काळा. फक्त उन्हाची किंवा वाऱ्याची वीज असेल तरच या चर्चेला अर्थ आहे.

नायट्रेट कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न. बाजारातले नायट्रेट अमोनियापासूनच बनते. ते विकत आणून त्याचा युरिया करणे म्हणजे पीठ आणून त्याचे गहू करणे. वाया गेलेले नायट्रेट वापरले तरच गंमत आहे. आणि ते आपल्याकडे, दुर्दैवाने, भरपूर आहे. आपल्या विहिरींत आहे.

शेतात टाकलेल्या युरियातला निम्म्याहून कमी नायट्रोजन पिकाला मिळतो. काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. उरलेला नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्या देशातली मर्यादा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत ती ओलांडलेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. सगळा दोष युरियाचा नाही. विहिरीजवळचे शोषखड्डे, उकिरडे, गोठे यांचाही वाटा आहे.

मग विहिरीतल्या या नायट्रेटचा युरिया का करू नये? पुन्हा हिशेब. एका गोणीत साधारण २१ किलो नायट्रोजन, म्हणजे नव्वद किलोंहून थोडे जास्त नायट्रेट. लिटरमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट दूषित विहीर घेतली, तरी नऊ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे नव्वद टँकर एका गोणीसाठी! प्रयोगशाळेत वापरतात ते द्रावण बहुधा लिटरला सहा ग्रॅम नायट्रेट असलेले, म्हणजे या विहिरीच्या साठपट दाट असते. शिवाय तयार झालेला युरिया पाण्यात इतका विरळ असतो की तो वेगळा करायला पुन्हा ऊर्जा. म्हणून ही पद्धत पहिल्यांदा कुठे रुजेल तर विहिरीवर नव्हे. जिथे दाट नायट्रेटचे सांडपाणी निघते अशा रासायनिक उद्योगांत ती रुजेल. तिथे सांडपाणी शुद्ध करायला नाहीतरी पैसे मोजावे लागतात. त्या खर्चात थोडे खत हाती आले तर ते नफ्याचे.

मोठ्या प्रमाणावर वायूपासून सुटका हवी असेल तर मला दुसरी, कमी चकचकीत वाट जवळची वाटते. उन्हाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि पुढचे काम हाबरच्या जुन्याच पद्धतीने करायचे. सौदी अरबस्तानात निओम येथे वर्षाला १२ लाख टन असा अमोनिया बनवण्याचा प्रकल्प उभारला जात आहे. भारतानेही २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. पण अशा अमोनियाचा युरिया करायचा तर कार्बन डायऑक्साइड वेगळा आणावा लागतो, कारण वायूच उरला नाही तर त्याचे उपउत्पादनही उरत नाही. इथे महाराष्ट्राला संधी दिसते. साखर कारखान्यांच्या आसवनीत उसाचा रस किंवा मळी आंबते तेव्हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. एका गोणी युरियाला ३३ किलो लागतो, म्हणजे साधारण ४४ लिटर इथेनॉलमागचा. ऊस हवेतूनच तो घेतो, त्यामुळे परत गेला तरी हवेचे खाते वाढत नाही.

तोवर हातात असलेला उपाय म्हणजे टाकलेला युरिया वाया न घालवणे. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला गरजेपुरतेच पाणी घ्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. स्वस्त मिळते म्हणून युरियाच्या बाबतीत मात्र हात सैल सुटतो. पीक हिरवेगार दिसते, शेजारी विचारतो काय टाकले, आणि पुढच्या वर्षी दोघेही एकेक गोणी वाढवतात. उश्र काढताना पावसाच्या पिकावर दहावा हिस्सा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकावर विसावा, हा फरक शरीअतने कष्ट आणि खर्च पाहूनच केला. खताचा खर्च वजा धरावा का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. पण जमिनीच्या हिशेबात लागवडीचे ओझे मोजले जाते, ही दृष्टी त्यामागे आहेच. माती परीक्षण करून मात्रा ठरवणे, एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत देणे, जोरदार पावसाच्या तोंडावर न टाकणे आणि फेरपालटीत तूर, हरभरा, मूग घेणे, यांपैकी कशालाही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

घरातल्या बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे, कारण ती शेताची नसून पाळण्याची आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून दिले, तर त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते. ओठ, नखे निळसर पडतात, बाळ मलूल होते. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. आपल्या घरांत पाणी उकळले की ते निर्धोक झाले असे धरून चालतात. जंतूंसाठी ते बरोबर आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटले की ते अधिक दाट होते. साध्या मेणबत्तीच्या गाळणीने किंवा तुरटीनेही ते निघत नाही, आरओने बऱ्याच अंशी निघते. आईच्या दुधावर असलेल्या बाळाला हा धोका जवळपास नाही.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घेण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत आहे. बऱ्याच गावांत जलजीवन मिशनची तपासणी पेटी ग्रामपंचायतीकडे असते आणि तिच्यात नायट्रेटची चाचणीही असते. नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्यावा. पहिल्या मोठ्या पावसाने शेतातले खत खाली उतरते आणि मे महिन्यात चांगले आलेले पाणी ऑक्टोबरमध्ये तसेच असेल असे नाही.